पहिल्या क्रमांकाचे यंत्र

टेकचंदने हातमागाच्या खोलीचे दार लावून कडी घातली, खिडकीची फळी ओढून घेतली, दिवा लावला आणि मगच व्हॅक्यूम क्लीनरची पिन प्लगमध्ये खुपसली. सर्व यंत्रांची चाचणी बंद खोलीत घेण्यात आली, असे ग्राहकांच्या मासिकात स्पष्ट छापलेले होते. पडताळणी करायची तर त्याच पद्धतीने करावी, असे त्याचे मत होते.

त्याची बायको कुसुम विणताना बसायच्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती.

"मी बाहेर बसली तं चालत नाही का जी?"

"तुह्यासाठीच तं आणला. तूच नसशील तं फरक कसा समजन?"

फरक समजणे आवश्यक होते. माग चालू असला की कोशाच्या रेशमी धाग्याची बारीक लव उडत असे आणि शेणाने सारवलेल्या त्या जमिनीवर, कोपऱ्यांत, खड्ड्यात साचत असे. केरसुणी फिरवली की ती पुन्हा उडे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी कुसुमच्या छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितले होते, की या खोलीतून एकतर धूळ निघाली पाहिजे, नाहीतर ही बाई. हिवाळ्यापर्यंत थांबाल तर पस्तावाल. कुसुमने जमिनीला फरशी मागितली होती, ओल्या फडक्याने पुसता येईल अशी. फरशीसाठी ठेवलेले पैसे घेऊन टेकचंद नागपूरला गेला आणि हे यंत्र घेऊन आंधळगावला परतला. ग्राहकांसाठी निघणाऱ्या त्या मासिकाने त्याला पहिला क्रमांक दिला होता.

"दार कायले लावलं रे?" बाहेरून त्याच्या आईने, बायजाबाईने विचारले. "बाईचा जीव घाबरन."

"माय, तू मधात बोलू नको. तपासणी होऊन राहिली."

"कोनाची? मशीनची का सुनेची?"

टेकचंदने मासिक उघडून मागाच्या लाकडावर ठेवले आणि मोठ्याने वाचले. "धूळ ओढण्याची शक्ती, दहापैकी दहा. आवाज, सात. वायरची लांबी, नऊ. देखणेपणा, नऊ."

"देखणेपनाले नऊ?" कुसुम म्हणाली. "मले पाहाले आलते तवा तुमच्या मायनं इतके नव्हते देले."

"मी तं अजूनबी नाही देत," बाहेरून आवाज आला.

कुसुम हसली आणि हसता हसता खोकली. टेकचंदने बटण दाबले.

दिवा मंदावला. यंत्राच्या आवाजाने मागाच्या दोऱ्या थरथरल्या. टेकचंदने नळीचे तोंड जमिनीवरून सरळ रेषेत फिरवले. लव नाहीशी झाली. भिंतीच्या कडेला, कापड गुंडाळायच्या तुरीखाली, खड्ड्याच्या काठाशी त्याने तसेच केले. वर्षानुवर्षे कधीही स्वच्छ न दिसलेला खड्ड्याचा कोपरा स्वच्छ दिसू लागला. कुसुमने वाकून तो पाहिला. तिने पदर तोंडावरून काढला आणि मुद्दाम, छाती भरून श्वास घेतला.

वास तिला आधी आला. जुन्या, तापलेल्या शेणाचा.

शक्ती खरोखरच दहापैकी दहा होती. मासिकाची मुंबईतली चाचणी गालिच्यावर झाली होती. येथे गालिचा नव्हता. नळीने लव ओढली, मग वरच्या सारवणाचा पापुद्रा ओढला, मग त्याच्या खालचा. दिवाळीचे शेण, त्याआधीच्या पोळ्याचे शेण, असे थरामागून थर पिशवीत जात राहिले. यंत्रामागची कापडी पिशवी मेलेल्या म्हशीच्या पोटासारखी फुगली. आणि तिच्या विणीतून, ज्या विणीची तपासणी कोणी केली नव्हती, एक उष्ण वारा बाहेर पडू लागला. पिठासारखी बारीक, तपकिरी धूळ घेऊन तो नेमका खड्ड्याच्या दिशेने येत होता.

"बंद करा जी," कुसुम म्हणाली.

आवाजात ते ऐकू गेले नाही. तिने हात वर केला. टेकचंदला वाटले, ती राहिलेला कोपरा दाखवते आहे. त्याने तोही कोपरा नीट साफ केला.

बटण बंद झाले तेव्हा दिवा पुन्हा उजळला, पण भिंत दिसत नव्हती. फक्त खोकला ऐकू येत होता; ओला, खालून वर येणारा, मध्येच शिटीसारखा होणारा. बायजाबाई दारावर थापा मारत होती. "उघड रे. टेकचंदा, उघड."

टेकचंद दाराकडे गेला नाही. त्याने मासिकावरची धूळ बाहीने पुसली आणि गुणांच्या तक्त्यावरून बोट फिरवले. पान उलटले. परत त्याच पानावर आला.

"मागून काय बाहेर टाकते, थे तं याच्यात कुठं लिहिलंच नाही," तो म्हणाला. "पन पयला नंबर आहे. उगीच नाही देत कोनी. आपलंच काही चुकलं असन. तू जराशी सरकून बसाले पायजे होतं."

कुसुम हातांवर भार देऊन खड्ड्यातून वर आली. मागावरून उतरलेल्या कोशाच्या कापडाचा एक पांढुरका तुकडा तिने तोंडाशी धरला होता. भिंतीला धरत ती दारापर्यंत गेली आणि तिने कडी काढली. उजेड आत आला. बायजाबाईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तोंडाला पदर लावला.

कुसुम परत फिरली. तिने तोंडावरचा तुकडा काढला, एकवार पाहिला आणि उघड्या मासिकावर, तक्त्याच्या बरोबर मधोमध, पसरून ठेवला. त्यात शेणाच्या रंगाचा चिकट गोळा होता. त्यातून कोशाचे बारीक धागे बाहेर आले होते. ओल खालच्या कागदावर उतरू लागली.

"घ्या," ती म्हणाली. "यालेबी नंबर द्या."