आईची दुरुस्ती

“चमचा पडली,” मुलगी म्हणाली.

“पडला,” आई म्हणाली.

टेबलापलीकडे बसलेल्या स्पीच थेरपिस्टचं लिहिणं थांबलं. चाळीस मिनिटं ती एकामागून एक चित्रं दाखवत होती. किल्ली, शिडी, छत्री. एकाचंही नाव आईच्या ओठांवर आलं नव्हतं. आणि हा चमचा तर चहा ढवळताना मुलीच्या हातून निसटलेला.

“आत्ता त्या काय म्हणाल्या?” थेरपिस्टने विचारलं. तिला आईची भाषा येत नव्हती.

“काही नाही,” मुलगी ओशाळली. “माझी चूक काढली.”

“मग अजून एक करा.”

आईची हयात चुका काढण्यात गेली होती. एका छापखान्यात ती दोन भाषांची मुद्रितं तपासायची, घरच्या आणि बाहेरच्या. ती नजर घरी आल्यावरही मिटायची नाही. मुलगी आठ वर्षांची असताना पाहुण्यांसमोर “माझा बाहुली हरवला” म्हणाली. आईने तिथल्या तिथे दुरुस्त केलं. पाहुणे खो खो हसले. मुलीने त्या दिवशी घरच्या भाषेशी कट्टी घेतली ती घेतलीच. आई घरच्या भाषेत विचारायची, मुलगी बाहेरच्या भाषेत उत्तर द्यायची. चाळीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते आता. आईच्या मेंदूच्या आजाराने आधी बाहेरची भाषा नेली, मग तो घरच्या भाषेच्या मागे लागला.

निघताना थेरपिस्टने आडपडदा ठेवला नाही. “गेलेले शब्द परत येतीलच असं नाही. आहेत ते जमेल तितके दिवस धरून ठेवू. पण त्यांच्या भाषेत त्यांच्याशी तुम्हालाच बोलावं लागेल. रोज.”

मग रोज दुपारी स्वयंपाकघरात बैठक बसू लागली.

“खिडकी उघडा आहे.”

“उघडी!”

“पाणी सांडला.”

“सांडलं!”

सुरुवातीला चुका अस्सल होत्या, जिभेला वळणच नव्हतं. आईची भुवई वर जायची, बोटं लाल पेन्सिल धरल्यासारखी जुळायची. कधी एका दुरुस्तीचा हात धरून अख्खं वाक्य बाहेर यायचं. एकदा तर “डोकं कुठे ठेवलंयस?” असंही आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बोलणी खाऊन मुलीचा जीव सुखावला. त्या बोलण्याबरोबर तिला किती तरी मागचं आठवलं. आईच्या पिशवीतली मुद्रितांची भेंडोळी. शाईचा वास. मुलगी गृहपाठ करत असायची आणि शेजारी आई मोठ्याने वाचायची, स्वल्पविरामसुद्धा उच्चारून.

वर्षभरात मुलीची जीभ वळली. चुका होईनात. पंचाईतच झाली. मग ती सकाळी उठून कागदावर दुपारच्या चुका लिहून ठेवू लागली. आईने जन्मभर वेचल्या, लेक आता पेरायला बसली.

आईचे शब्द मात्र ओसरतच होते. आधी वाक्यं गेली. मग बऱ्याच शब्दांच्या जागी हुंकार आले.

एका दुपारी मुलगी म्हणाली, “आई, तुझी चष्मा कुठे गेली?”

दुरुस्ती आली नाही.

मुलीने तेच पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. भुवई हलली नाही. आई नुसती तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मुलीचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला.

“मुद्दाम,” ती म्हणाली. पुढचा शब्द शोधायला तिला फार वेळ लागला. मुलीने घाई केली नाही.

“मुद्दाम चुकतेस.”

मुलीला हसू फुटलं आणि रडूही. “तुला कळत होतं?”

आईने मान डोलावली.

“आता बरोबर बोल,” ती म्हणाली. “ऐकू दे.”