अकरा दात

पिंप्राळ्यातल्या दवाखान्यात चार वर्षांची चारू आ करून बसली होती. डॉक्टर मॅडमनी बॅटरी मारून तिचे दात मोजले. अकरा किडलेले निघाले.

“ब्रश करता का हिचे दात?”

“रोज करते, मॅडम. पहाटे पाचला. साडेपाचला मला चटई कंपनीची गाडी असते ना.” दीपमाला ड्युटीवरून सरळ दवाखान्यातच आली होती. बोलतानाही ती भिंतीला टेकून होती. “ही झोपेतच असते. मांडीवर घेते आणि तशीच घासते.”

“मग गोड फार खात असेल.”

दीपमालाने सासूकडे पाहिलं. चारू दिवसभर त्यांच्याजवळच असायची.

“यांना विचारा. मी घरी येते तेव्हा पोरीचं तोंड चिकट आणि उशीखाली गोळ्यांचे कागद. सांगून सांगून थकले, मॅडम. माझं कोण ऐकतं?”

“आजी, दिवसाला किती गोळ्या देता हिला?”

भिकुबाई खाली वाकल्या. नातीच्या पायातून निसटलेली चप्पल उचलून त्या पुन्हा घालत बसल्या.

“सांगा ना, आत्याबाई! किती देता?”

“मी काय मोजस का व माय?” चपलेचा पट्टा लावत भिकुबाई म्हणाल्या. “‘मम्मी कोठे गयी’ असं ती जितल्या येळा ईचारस, तितल्या.”