मुठीतली सळई

लोखंडी सळई सकाळपासून शेणखताच्या ढिगात खुपसून ठेवली होती. आता ती उपसायची आणि दहा मोजेपर्यंत मुठीत धरायची. धरवली तर खत पिकलं, चटका बसला तर कच्चं. ढीग गोठेवालीचा, म्हणून हातही तिचाच.

"वहिनी, आटपा लवकर," दीर ट्रॅक्टरवरून म्हणाला. "आभाळ बघा कसं भरून आलंय. आज खत पडलं नाही तर उद्या चिखलात ट्रॅक्टर शिरायचा नाही. मग गाजरं काय गच्चीवर पेरू?"

"कुठंही पेरा," गाजरांचा व्यापारी म्हणाला. "कच्च्या खतातलं एक गाजर मी उचलणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

खालच्या अंगाची शेजारीण भरलेली कळशी घेऊन थांबली होती. दिराच्या शेतातलं पावसाचं पाणी थेट तिच्या विहिरीत उतरायचं. गेल्या वर्षी कच्चं खत पडलं आणि तिच्या घरात आठवडाभर सगळे अंथरुणाला खिळले.

"मोजते मी," ती म्हणाली. "तुझ्या हातावर विश्वास आहे बाई माझा."

गोठेवालीने गोठ्याकडे पाहिलं. गोठ्यामागे पाटीभर शेण टाकायलाही जागा उरली नव्हती. गाई खुरं बुडेपर्यंत शेणात उभ्या होत्या, दोघी तर लंगडायलाही लागल्या होत्या. देवा, आज एवढा ढीग हलू दे, दुसरं काही तिला सुचत नव्हतं.

तिने सळई उपसली आणि मूठ आवळली.

"एक... दोन..."

चारलाच डोळ्यांत पाणी आलं. सातला पायाची बोटं चपलेत आखडली. दहा होईपर्यंत ती गाईंकडेच बघत राहिली.

"गार आहे," ती म्हणाली. सळई टाकली आणि हात पाठीमागे नेला.

"सुटलो एकदाचे!" दिराने ट्रॅक्टर ढिगाकडे वळवला. व्यापारीही निघाला.

"अगं, घामाने डबडबलीस की," शेजारीण म्हणाली. "दोन घोट पाणी पी. आत्ताच काढलंय विहिरीतून. ओंजळ कर."

ओंजळ करायची तर दोन्ही हात पुढे आणायला हवेत. तिने आणले. शेजारणीने कळशी कलती केली, हातावर गार पाणी पडलं, आग जराशी निवली. पण ओंजळ काही तोंडापर्यंत जाईना.

"भावोजी, थांबा!" ती ओरडली आणि तिने हात वर केला.

लालबुंद तळव्यावरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.