ताप नव्हता

पूर्वी घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या आजोबांना थंडीत खोकला झाला. मुलाने थर्मामीटर लावला, ताप नव्हता. “साधी सर्दी आहे, आई.” पण आजीला चैन पडेना. सकाळी ती चहात साखर घालायला विसरली होती आणि जन्मभर तिच्या चहाला नावं ठेवणारा नवरा तो मुकाट्याने प्यायला होता. शिवाय केव्हाच विकलेल्या त्या दुकानाची किल्ली मागत होता. “वयामुळे होतं असं,” मुलगा म्हणाला. “वय काय एका रात्रीत वाढतं? गाडी काढ!” डॉक्टरांनी छाती तपासली. न्यूमोनिया होता. “म्हातारपणी कधीकधी ताप येतच नाही, माणूस नुसता गोंधळतो. वेळेवर आणलंत.” औषधं लागू पडली. आठवड्याने नर्सने आजीकडे बोट दाखवून विचारलं, “ह्यांना ओळखता का?” “ओळखतो तर!” आजोबा म्हणाले. “हिच्यापुढे आजवर कुणाचं चाललंय?” आजी पाठ फिरवून उगाचच पांघरुणाची घडी घालू लागली.