चिंगीच्या पोटातलं सूत

"कोनाला खरं वाटायचं न्हाय, पूर्वी बाय, पन तुझ्या चिंगीला मी मरनाच्या दारातनं वडून आनली!" शाळेतून आलेल्या नातीला, पूर्वीला, केसरीनाथआबांनी उंबऱ्यातच गाठलं.

चिंगी म्हणजे पूर्वीनं पाळलेलं कोंबडीचं पिल्लू. दोन दिवस खोक्यात मान टाकून बसलेलं. 'दिवसभर तिच्याजवळून हलणार नाही' असा शब्द देऊन आबा सकाळीच पत्ते कुटायला गेले होते. दुपारी परतले तर खोकं रिकामं. मांजरानं नेली असणार असं समजून ते बाजारातून तसंच दुसरं पिल्लू घेऊन आले.

"गळ्याची पिशवी चाचपली, तर दगडासारकी घट्ट! कापडाच्या लूमवरचं सूत गिळलेलं बयेनं. तेल पाजलं, चोचीतनं टोक धरलं नि वडत बसलो. कामतघरापास्नं पार काल्हेर गावापत्तुर पुरंल येवडं सूत निघालं, बाय! आता बघ कशी नाचते."

त्यांनी नवं पिल्लू पुढे केलं. पूर्वीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आबा, तुम्ही पत्ते खेळायला जाणार हे मला माहीत होतं. म्हणून चिंगीला मी दप्तरात घालून शाळेत नेलं होतं."



तिनं दप्तर हळूच आबांपुढे ठेवलं. "ती अजून दप्तरातच आहे. दुपारपासून हलत नाहीये."