थुंकीने पुसलेलं दार

मावशी जुनी तैलचित्रं साफ करते, तेही थुंकीने! शी! पण थुंकीइतकं हळुवार दुसरं काहीच नसतं म्हणे. आज शहरातल्या जुन्या चर्चचं करडं, गप्प चित्र तिने पहिल्यांदाच माझ्या हाती दिलं.

“बाईसाहेब, रंग निघाला तर पुन्हा चित्राला हात लावू देणार नाही हं.”

मी ऐटीत काडीवरचा कापूस जिभेवर ओला केला आणि चर्चच्या बंद दारावर फिरवला. कापूस वर आला तो लाळेने निथळत, कोमट, आणि त्याला पारोशा तोंडाचा वास येत होता.

“किती थुंकतेस गं!” मावशी ओरडली.

“मावशी, माझं तोंड कोरडं पडलंय!”

काडीला नवा कापूस गुंडाळून मी तो कोरडाच दारावर टेकवला. आतून कुणीतरी तो चोखायला लागलं.