ह्यांची शिकवणी

तुळजापूरच्या एका संगणक क्लासला प्रोग्रामिंग शिकवणारं माणूस हवं होतं. मुलाखतीत दिलेला प्रोग्राम जळकोटहून आलेल्या गौरीनं नीट लिहून दाखवला. क्लासचे संचालक अमरसिंह तिचा अर्ज चाळत म्हणाले, "तुम्ही तर बी.ए. मराठी. हे कुणी शिकवलं?"

"आमच्या ह्यांनी. ते पुण्यात हेच शिकवायचे."

"कधी शिकवलं?"

"ते वारल्यावर."

अमरसिंहांनी अर्ज बाजूला ठेवला. गौरी म्हणाली, "त्यांच्या क्लासचे व्हिडिओ हायेत मोबाइलवर. आधी नुसता आवाज ऐकत बसायचे. पण ते मधीच थांबून विचारायचे, 'समजलं का?' न समजता व्हय कसं म्हणू? म्हणून शिकत गेले."

अमरसिंह म्हणाले, "नोकरी तुमचीच. डेटाबेस पण येतं ना?"

"तो शेवटचा व्हिडिओ हाय. तेवढाच बघायचा राहिलाय."

"मग रुजू व्हायच्या आधी बघून घ्या."

"न्हाय सर," गौरी घाईनं म्हणाली. "तो बघितला, की त्यांचं नवं बोलणं संपंल. तेवढं मी दुसऱ्या कुणाकडनं शिकते."